यंत्र नवं आलं, पण खूण कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पानावर क्वांटम गुरुत्वमापकाविषयी, म्हणजे थंड अणू पाडून पृथ्वीची ओढ मोजणाऱ्या यंत्राविषयी, आलेला लेख वाचला. ज्या यंत्रांच्या संगतीत माझी सगळी नोकरी झाली, त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रात अर्धं पान पाहून बरं वाटलं. पण लेखातली दोन वाक्यं खुपली. पहिलं असं की हे नवं यंत्र जमिनीखालचं सगळं ‘दाखवतं’. दुसरं असं की स्प्रिंगवर चालणारे ग्रॅव्हिमीटर (म्हणजे गुरुत्वमापकच) आणि त्यांनी घेतलेली मोजमापं आता अडगळीत गेली. मी भूभौतिक सर्वेक्षणात निरीक्षक होतो, संशोधक नव्हतो. रीडिंग घेणं, वहीत लिहिणं, संध्याकाळी हिशेब जुळवणं एवढंच माझं काम. त्या बाजूने काही सांगायचं आहे. पत्र लांबलं आहे. काटछाट करायचीच तर इतिहासाच्या भागात करा, मोजणीच्या जागांवरच्या खुणा जपण्याच्या शेवटच्या मागणीला हात लावू नका.

आधी आकड्यांचं माप सांगतो, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. समुद्रसपाटीला विषुववृत्तावर गुरुत्वीय त्वरण ९.७८० मीटर प्रति सेकंद वर्ग असतं, ध्रुवांवर ९.८३२. म्हणजे फरक जेमतेम अर्धा टक्का, आणि त्या अर्ध्या टक्क्याचे बारीक तुकडे करणं हा आमचा धंदा. एक सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग म्हणजे एक गॅल. त्याचा हजारावा भाग मिलीगॅल आणि दहा लाखावा भाग मायक्रोगॅल. पृथ्वीची एकूण ओढ सुमारे ९८० गॅल, तेव्हा मायक्रोगॅल हा तिचा साधारण अब्जावा हिस्सा झाला. यंत्र एक सेंटिमीटर वर उचललं की रीडिंग तीन मायक्रोगॅलनी उतरतं. सत्तर किलोचा माणूस यंत्राच्या बरोबर डोक्यावर एक मीटरवर आला, तर अर्ध्या मायक्रोगॅलच्या आसपास फरक पडतो. (शेजारी उभा राहिला तर जवळजवळ काहीच नाही, कारण यंत्र फक्त उभी ओढ मोजतं. नवीन मुलं मात्र उगाच दहा पावलं लांब पळायची.)

ओढ जागोजागी बदलते हे प्रथम घड्याळाने सांगितलं. १६७२ मध्ये जाँ रिशे हा फ्रेंच खगोलवेधक दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तेव्हा पॅरिसमध्ये नीट लावलेलं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. लंबक जवळपास तीन मिलिमीटर आखूड करावा लागला. न्यूटनने १६८७ मध्ये याचा अर्थ लावला: फिरणारी पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, म्हणून तिथे ओढ कमी. पुढे दोन शतकांहून जास्त काळ लंबकाचंच राज्य होतं. हेन्री केटर या इंग्रजाने १८१७ च्या सुमारास उलटसुलट टांगता येणारा लंबक तयार केला, आणि ‘या लंबकाची खरी लांबी कोणती धरायची’ हा जुना घोळ बराचसा मिटला.

या काळातली एक हकिगत मला फार जवळची वाटते. हिमालयाजवळ ओळंबा पर्वताकडे किती झुकावा याचा हिशेब कलकत्त्यातल्या प्रॅट या पाद्र्याने १८५५ मध्ये मांडला. कलियाना आणि कलियानपूर या सर्वेक्षणाच्या दोन स्थानकांमध्ये (मोजणीच्या ठरलेल्या जागांमध्ये) या झुकण्यामुळे सुमारे सोळा विकलांचा फरक यायला हवा होता; विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग. सर्वेक्षणात आला होता सव्वापाच. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एअरीने त्यावर सुचवलं की पर्वतांखाली हलक्या खडकाची खोल मुळं असतात, त्यामुळे त्यांची ओढ दिसते त्याहून कमी भरते. हे तपासायला लंबक हवे होते. कॅप्टन बासेवी १८६५ पासून रॉयल सोसायटीचे लंबक घेऊन भारतभर फिरले, आणि १८७१ मध्ये लडाखमधल्या मोरे पठारावर, सुमारे ४,७०० मीटर उंचीवर, त्याच कामात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या आकड्यांत त्या उंचीवर ओढ खरोखरच अपेक्षेपेक्षा कमी निघाली. थंडीत, विरळ हवेत, निर्वात पेटीतल्या लंबकाची आंदोलनं तासन् तास मोजत बसण्याचं ते काम होतं. आज तेवढंच रीडिंग काही मिनिटांत होतं, आणि तरी आम्ही ऊन लागतं म्हणून कुरकुरायचो.

लंबकाच्या युगाचा शेवट मात्र एका चुकीच्या आकड्याने झाला, आणि माझ्या मुद्द्याशी त्याचा थेट संबंध आहे. जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या संस्थेत क्यूनेन आणि फुर्टव्हेंगलर यांनी १८९८ ते १९०४ या काळात लंबकांनी एक आकडा काढला: ९८१.२७४ गॅल. १९०९ पासून जगभरची गुरुत्व मोजणी या एका जागेच्या एका आकड्याला बांधलेली होती. पुढे वस्तू पाडून मोजण्याचे प्रयोग सुरू झाले तेव्हा कळलं की तो १४ मिलीगॅलनी जास्त आहे. १९७१ मध्ये १,८५४ स्थानकांचं आंतरराष्ट्रीय जाळं नव्याने जुळवलं गेलं आणि दुरुस्ती झाली. आता विचार करा, साठ वर्षांची मोजमापं फुकट गेली का? नाही गेली. शेतातली, डोंगरातली, वाळवंटातली बहुतेक सगळी रीडिंग्ज म्हणजे कुठल्या तरी बेस स्टेशनपासूनचे, म्हणजे आकडा आधीच ठरलेल्या जागेपासूनचे, फरक होते, आणि फरक बरोबर होते. बेस कोणता होता, कुठे होता, त्याला किती आकडा धरला होता हे वहीत लिहिलेलं असलं की झालं. ज्या वहीत ते लिहिलेलं नव्हतं, ती मात्र कायमची गेली.

मधल्या काही यंत्रांचा नुसता उल्लेख करून पुढे जातो. हंगेरीच्या ओट्व्हशचा पिळाचा तराजू ओढीपेक्षा ओढीचा उतार, म्हणजे ती जागेगणिक किती बदलते, ते मोजायचा. १९२४ मध्ये टेक्सासमधला नॅश हा जमिनीखालचा मिठाचा घुमट त्याने सापडला, पण एका जागेला तास न् तास लागत. डच शास्त्रज्ञ व्हेनिंग माइनेस लंबक घेऊन पाणबुडीत बसला, कारण लाटा वर असतात आणि खाली पाणी शांत. एकाच पातळीत झुलणाऱ्या लंबकांच्या जोड्या वापरून उरलेली डुलणी वजा करायची ही त्याची युक्ती. जावाजवळच्या सागरी खंदकालगतचा कमी ओढीचा पट्टा त्याने १९२० च्या दशकात शोधला.

आता स्प्रिंग. १९३२ मध्ये टेक्सास विद्यापीठात लुसियन लाकॉस्ट या विद्यार्थ्याला त्याचे शिक्षक आर्नल्ड रॉम्बर्ग यांनी भूकंपमापकासाठी एक कोडं घातलं: उभ्या दिशेत अतिशय सावकाश झुलणारी रचना करून दाखव. लाकॉस्टने आडव्या दांड्याला तिरकी स्प्रिंग लावली, आणि ती अशी की तिचा ताण नुसत्या वाढीच्या प्रमाणात न राहता पूर्ण लांबीच्या प्रमाणात राहील. त्यासाठी तार गुंडाळतानाच स्प्रिंगमध्ये ताण भरून ठेवावा लागतो. मग दांडा जवळजवळ कुठल्याही कोनात तोल धरतो, आणि ओढीत सूक्ष्म फरक पडला तरी चांगला डोळ्याला दिसेल इतका हलतो. माझ्या मते गेल्या शंभर वर्षांतली या क्षेत्रातली सर्वांत हुशार कल्पना हीच. अणूंचा ढग दिपवून टाकतो हे कबूल, पण एका विद्यार्थ्याने तारेच्या वेटोळ्यातून अब्जावा हिस्सा वाचायची वाट काढली, याला तोड नाही.

मी शिकलो ते यंत्र याच घराण्यातलं. आत हीटर, तापमान कायम पन्नास अंशांच्या आसपास. बॅटरी उतरली की तो दिवस गेला, कारण पुन्हा तापून स्थिर व्हायला फार वेळ लागायचा. ॲल्युमिनियमच्या खोलगट बैठकीवर यंत्र ठेवायचं, दोन्ही बुडबुडे मध्यावर आणायचे, आतला दांडा धरून ठेवणारा क्लॅम्प सोडायचा, भिंगातून पाहत दांड्याची रेघ ठरल्या जागी येईपर्यंत चकती फिरवायची. फिरवायची तीही नेहमी एकाच बाजूने, कारण उलट फिरवली तर आटे खोटं बोलतात. रीडिंग, वेळ, स्थानकाचा नंबर, जमिनीपासून यंत्राची उंची, हे सगळं वहीत. मग क्लॅम्प लावून पुढे. क्लॅम्प न लावता जीपमध्ये चढणाऱ्याला साहेब काय म्हणायचे ते इथे छापण्यासारखं नाही.

सकाळी बेसवर रीडिंग घेऊन निघायचं आणि संध्याकाळी त्याच बेसवर परत यायचं, हा नियम. स्प्रिंग थकते, हळूहळू सरकते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचा आकडा कधीच सारखा येत नाही. तो फरक दिवसभराच्या रीडिंग्जमध्ये वाटून टाकायचा. त्याआधी चंद्र-सूर्याचा हिशेब वजा करायचा: त्यांच्या ओढीमुळे एकाच जागेचं रीडिंग दिवसभरात पाव मिलीगॅलपर्यंत वरखाली होतं. भरती-ओहोटी समुद्राला येते हे सगळ्यांना माहीत असतं, जमिनीलाही येते आणि पायाखालची जमीन दिवसातून दोनदा वीस-तीस सेंटिमीटर उचलली जाऊ शकते, हे सांगितलं की लोक आमच्याकडे संशयाने बघायचे. पुढे क्वार्ट्झच्या स्प्रिंगची, आपोआप लेव्हल होणारी, भरती-ओहोटी स्वतःच वजा करणारी यंत्रं आली. बटण दाबा, एक मिनिट थांबा, आकडा घ्या. क्वार्ट्झ धातूपेक्षा जास्त सरकतो, पण एका चालीने सरकतो, म्हणून यंत्रातला संगणक त्याला सांभाळून घेतो. हात वाचले, खाडाखोड संपली. बेसवर परत यायचा नियम तसाच राहिला.

हिशेब आणि यंत्र यांत कोण नाजूक, याचं एक उदाहरण थेट चंद्रावरचं आहे. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ ने गुरुत्वीय लहरींचा माग घ्यायला एक अतिसंवेदनशील स्प्रिंगचा ग्रॅव्हिमीटर तिथे नेला. चंद्राच्या ओढीसाठी लावलेल्या तोलाच्या वजनांच्या गणितात चूक राहून गेली होती. दांडा तोलावर येईना, आणि यंत्र ठरलेलं काम करू शकलं नाही. त्याच मोहिमेतल्या दुसऱ्या, साध्या गुरुत्वमापकाने चांद्रगाडीच्या थांब्याथांब्यावर व्यवस्थित रीडिंग्ज दिली.

स्प्रिंग फरक सांगते, पूर्ण आकडा सांगत नाही. पूर्ण आकडा हवा तर वस्तू पाडायची. लंबकाच्या काळात हे अशक्य होतं, कारण पडणाऱ्या वस्तूची जागा आणि वेळ पुरेशी बारीक मोजता येत नव्हती. लेझर आणि अणुघड्याळ आल्यावर ते जमलं. जेम्स फॉलर यांनी १९६० च्या दशकात प्रिन्स्टनला सुरू केलेल्या कामातून पुढे १९९० च्या दशकात एफजी-५ हे यंत्र आलं. निर्वात नळीत एक कोपऱ्याचा आरसा (प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवणारा) सुमारे वीस सेंटिमीटर पडतो. पडायला लागतो सेकंदाचा पाचवा भाग, आणि तेवढ्यात लेझरच्या प्रकाशाच्या सहा लाखांहून जास्त पट्टे मोजले जातात. उरलेल्या विरळ हवेचा त्रास नको म्हणून आरशाबरोबर एक छोटी गाडीही खाली पडते. दुसरा, स्थिर आरसा जमिनीच्या थरथरीपासून वाचवायला एका स्प्रिंगवर टांगलेला असतो, आणि विद्युत नियंत्रणाने ती स्प्रिंग शेकडो मीटर लांब असल्यासारखी संथ वागते. शेकडो-हजारो वेळा पाडून सरासरी काढली की उत्तर दोन मायक्रोगॅलच्या आसपास खात्रीचं. इथे स्प्रिंग थकण्याचा प्रश्न नाही, बेसची गरज नाही. लांबी लेझरची, वेळ अणुघड्याळाची. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर आली, तेव्हा किबल तराजू (वजन विजेच्या बळाने तोलणारा) ज्या खोलीत असेल तिथलं गुरुत्व नेमकं ठाऊक असणं भाग झालं, आणि हे काम अशाच यंत्रांनी केलं.

अतिवाहक (विजेला अजिबात अडथळा न करणाऱ्या धातूच्या) गुरुत्वमापकाचंही नाव घ्यायला हवं. नायोबियमचा अडीच सेंटिमीटरचा पोकळ गोळा, द्रव हेलियमच्या थंडीत, चुंबकीय क्षेत्रात तरंगत ठेवलेला. प्रॉथेरो आणि गुडकाइंड यांनी १९६८ मध्ये ही रचना मांडली. मायक्रोगॅलचाही हजारावा भाग याला कळतो. फिनलंडमधल्या मेट्साहोवी इथे प्रयोगशाळेच्या छपरावरचा बर्फ काढला तेव्हा या यंत्राच्या आलेखात ते उमटलं होतं. पण ते एका जागी बसून वर्षानुवर्षं ऐकणारं यंत्र आहे, पाठीवर घेऊन फिरण्याचं नाही.

आणि आता आपल्या लेखातलं यंत्र. स्टीव्हन चू आणि मार्क कासेविच यांनी १९९१ मध्ये दाखवलं की थंड केलेले अणू पाडून, लेझरच्या तीन झटक्यांनी त्यांच्या लहरी (अणू लहरींसारखेही वागतात) फोडून पुन्हा एकत्र आणता येतात, आणि जुळताना लहरींचे चढ-उतार जे पुढे-मागे होतात त्यातून ओढ वाचता येते. १९९९ मध्ये चू यांच्याच गटाने सीझियमचे अणू वापरून अब्जाव्या हिश्शांची बारकाई गाठली. आरसा पडला की उचलून परत वर न्यावा लागतो, झिजतो. अणूंचा ढग दरवेळी नवा. त्यामुळे हे यंत्र महिनोन् महिने सलग चालू शकतं. २०२० मध्ये असं एक यंत्र इटलीतल्या एटना ज्वालामुखीच्या माथ्याजवळ बसवलं गेलं. खरं कौतुक याचं आहे. पूर्ण आकडा देणारं, न सरकणारं, आणि प्रयोगशाळेच्या बाहेर धूळ-धक्के सोसणारं यंत्र हे आमच्या पिढीचं स्वप्न होतं.

लेखात बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या २०२२ च्या प्रयोगाचा उल्लेख आहे. त्यात एकावर एक एक मीटर अंतराचे अणूंचे दोन ढग एकाच लेझरने वाचले जातात. जमिनीची थरथर, रहदारीचा हादरा दोघांना सारखाच बसतो, वजाबाकीत तो उडून जातो आणि उरतो ओढीचा उतार. यामुळे दर जागी थांबण्याचा वेळ खूप वाचतो, आणि वेळ वाचणं हे मैदानावर बारकाईपेक्षाही मोठं असतं. त्यांना रस्त्याखालचा दोन मीटरचा बोगदा ओळखता आला. तो तिथे आहे हे आधीच माहीत होतं. यात काही कमीपणा नाही, यंत्राची परीक्षा माहीत असलेल्या वस्तूवरच घेतात. पण त्यावरून ‘जमिनीखालचं सगळं दिसतं’ हे वाक्य तयार होत नाही.

कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून पाहा. दोन मीटर व्यासाचा पोकळ बोगदा, भोवतीच्या मातीची घनता पाण्याच्या दुप्पट, बोगद्याचा मध्य दोन मीटर खोल. त्याच्या बरोबर वर ओढ सुमारे ४२ मायक्रोगॅलनी कमी भरते. चांगला स्प्रिंगचा ग्रॅव्हिमीटरसुद्धा हे पकडेल. तोच बोगदा दहा मीटर खोल न्या: आठ मायक्रोगॅल. वीस मीटर: चार. ओढीचा उतार तर खोलीबरोबर आणखी झपाट्याने मंदावतो. यंत्र कितीही बारीक वाचो, हा नियम त्याला बदलता येत नाही. शिवाय गुरुत्व हे बेरजेचं प्रकरण आहे. चार खिशांतल्या पैशांची फक्त बेरीज सांगितली तर कुठल्या खिशात किती हे कुणालाच सांगता येणार नाही. तसंच वर लहान पोकळी आणि खाली मोठी पोकळी एकच आकडा देऊ शकतात. गणितात हे सिद्ध झालेलं आहे, आणि अणू वापरल्याने ते असिद्ध होत नाही. म्हणून नकाशा काढणारा माणूस विहिरींच्या नोंदी, भूकंपलहरींची मोजणी, जुने खोदकामाचे कागद असं सगळं शेजारी घेऊन बसतो.

याहून अवघड गोष्ट पाण्याची. सच्छिद्र जमिनीत भूजल एक मीटर वर आलं आणि त्या थरात वीस टक्के पोकळ जागा पाण्याने भरली, तर वर ठेवलेल्या यंत्राला सुमारे आठ मायक्रोगॅल जास्त दिसतात. वरचा आकडा पुन्हा बघा. दहा मीटर खोल बोगदा जेवढा वजा करतो तेवढंच हे पाणी अधिक करतं. आमच्या वेळी रीडिंगची खात्री दहा-वीस मायक्रोगॅलची असायची, त्यामुळे पाण्याचा विचार कुणी फारसा करत नसे. यंत्र बारीक झालं तसं पाऊस, हवेचा दाब, शेजारच्या इमारतीचा पाया, पृथ्वीच्या आसाचं डुलणं हे सगळं रीडिंगमध्ये येऊन बसलं. हवेच्या दाबात एका हेक्टोपास्कलचा (साधारण हजारावा भाग) फरक पडला की ०.३ मायक्रोगॅल हलतात.

जे एकाला अडथळा ते दुसऱ्याला मोजायचं असतं. पाण्याचंच घ्या. मार्च २००२ मध्ये सोडलेले ग्रेस उपग्रह एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून उडायचे आणि ते अंतर काही मायक्रोमीटरपर्यंत मोजायचे. खाली ओढ जास्त असली की पुढचा आधी ओढला जातो, मग मागचा. त्या नोंदींवरून २००९ मध्ये रॉडेल, वेलिकोन्या आणि फामिलिएट्टी यांनी दाखवलं की ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब आणि हरियाणा मिळून १०९ घन किलोमीटर भूजल कमी झालं. २०१८ मध्ये गेलेल्या पुढच्या जोडीत लेझरनेही अंतर मोजतात. पण उपग्रहाला शेकडो किलोमीटरचा पट्टा कळतो, एक तालुका कळत नाही. ती मधली जागा जमिनीवरच्या यंत्रांनीच भरायची आहे, आणि ती भरण्यासाठी त्याच जागी पुन्हा पुन्हा यावं लागतं.

फिनलंड-स्वीडनच्या बाजूला हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यापासून जमीन अजून वर येते आहे, मधल्या भागात वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर. त्याबरोबर तिथली ओढ वर्षाला दीड-दोन मायक्रोगॅलनी घटते. १९६६ पासून तिथे ठरावीक रेषेवर ठरावीक स्थानकं मोजली जात आहेत. सुरुवातीच्या स्प्रिंगच्या यंत्रांना एका वर्षाचा फरक दिसणं शक्यच नव्हतं. तरी लोक त्याच खुणांवर परत येत राहिले, यंत्रं बदलत गेली, आणि अनेक वर्षांचा साठलेला फरक आकड्यांत उतरला. ज्या मोजमापांना आपल्या लेखात अडगळ म्हटलं आहे, तशीच ती मोजमापं.

म्हणून माझी तक्रार यंत्राविषयी नाही, खुणांविषयी आहे. १९७१ च्या जाळ्यातली स्थानकं विमानतळांवर, वेधशाळांत, विद्यापीठांच्या तळमजल्यांवर होती, कारण तिथे पोचणं सोपं होतं. त्यातली कितीतरी नूतनीकरणात गेली. मी स्वतः एका बेसवर पुनर्मोजणीसाठी गेलो तेव्हा पितळी बटणाच्या जागी नव्या फरशा होत्या. तिथल्या कारकुनाने अत्यंत सौजन्याने मला जुनी फरशी टाकली होती तो ढिगारा दाखवला. नवी फरशी जुन्या जमिनीपेक्षा किती वर आली हे कुणीही मोजून ठेवलेलं नव्हतं. ती पाच सेंटिमीटर वर असेल तर पंधरा मायक्रोगॅल गेले. एवढ्यात वर सांगितलेला बोगदा आणि पाणी दोन्ही बुडतात. आम्ही जवळच दुसरी खूण केली, पण जुन्या मालिकेला तिथे गाठ पडली ती पडलीच. नवं क्वांटम यंत्र त्या जागी नेलं तर ते आजचा आकडा उत्तम देईल. तीस वर्षांपूर्वीच्या आकड्याशी तो ताडून पाहायचा कसा, हे त्याला सांगता येणार नाही.

आपल्या वार्ताहरांना विनंती की अशा यंत्राची बातमी देताना तीन गोष्टी विचाराव्यात: यंत्र पूर्ण आकडा देतं की फरक, एका जागी किती वेळ लागतो, आणि भरती-ओहोटी, दाब, पाणी यांतलं काय काय वजा करून हा आकडा आला. आणि ज्यांच्या ताब्यात इमारती आहेत त्यांना विनंती अशी. ओट्यावर, पायरीवर किंवा तळघरात सर्वेक्षणाचं पितळी बटण, कोरलेला त्रिकोण, नंबर घातलेला दगड असेल, तर दुरुस्तीला हात घालण्याआधी ज्या संस्थेची ती खूण आहे तिला कळवा. जुनी खूण जागेवर असतानाच जवळ नवी खूण करायची, दोन्हींमधल्या उंचीचा आणि ओढीचा फरक मोजायचा, फोटो आणि आराखडा फाइलला लावायचा, मग खुशाल फरशी बसवा. साध्या स्प्रिंगच्या यंत्राने हे काम अर्ध्या दिवसात होतं.

आपला,
एक निवृत्त निरीक्षक, भूभौतिक सर्वेक्षण